आठ सेकंद

"हेमांगी, अपघातानंतर तुमचा वेग राहिलेला नाही. उद्यापासून कागदपत्रांचं काम घ्या," वर्तकसर सगळ्यांसमोर म्हणाले.

तिचा उजवा हात लुळा पडला होता. कंपनीच्या ज्या सर्व्हरची ती देखभाल करायची, त्यांची लांबलचक नावं लिहिण्याऐवजी ती दोन अक्षरं टाइप करून टॅबची कळ दाबायची आणि उरलेलं नाव संगणक भरायचा. पण त्यासाठी तो प्रत्येक वेळी मुख्य कार्यालयातून नावांची सगळी यादी मागवायचा. त्यात आठ सेकंद जायचे.

"माझा हात हळू नाही, सर. ती यादी हळू येते. उद्या दाखवते."

त्या दुपारी ती जेवायलाही उठली नाही. एकदा आलेली यादी स्वतःच्याच संगणकावर साठून राहील आणि टॅब दाबला की नाव तिथूनच येईल, अशी सोय तिने केली. ताजी यादी दर तासाला आपोआप येणार होती.

सकाळी तिने सरांना आपल्या खुर्चीत बसवलं. "दाबा."

त्यांनी टॅब दाबला. बोट उचलायच्या आत नाव पडद्यावर उमटलं.

"बरं, कागदपत्रांचं नंतर ठरवू," सर पुटपुटले.

"ठरलंय, सर. मी ते घेणार नाही," ती म्हणाली. "आता उठा. मला कामाला लागायचंय."