पलीकडच्या इमारतीतली नावं

"नाही हो सरलाबाई, आजही नाव नाही," अरुणा दवाखान्याच्या चौकशी खिडकीतून म्हणाली.

"आखो एक डाव दखा ना, बाई. चेतन. चेतन धुडकू सैंदाणे."

"बेन, जल्दी करो ने! लाइन लांबी छे," मागून कोणीतरी ओरडलं.

अरुणानं तिकडे लक्ष दिलं नाही. तिनं नाव पुन्हा टाइप केलं. स्पेलिंग बदलून पाहिलं, आडनाव आधी घालून पाहिलं. सोळा दिवस ती हेच करत होती. पडदा तेच सांगत होता: नोंद नाही.

सरलाबाई लिंबायतहून चालत यायच्या. इच्छापोरला नवं काम मिळालंय, असं सांगून मुलगा तीन तारखेला सकाळी घरातून निघाला, तो परतलाच नाही. कामावर अपघात झालेल्यांना इथंच आणतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून चार तारखेपासून त्या रोज ह्या खिडकीशी उभ्या राहत. आत वॉर्डात जायला चिठ्ठी लागे, आणि पडद्यावर नाव असल्याशिवाय चिठ्ठी मिळत नसे.

"इथं नाही म्हणजे बरंच आहे," अरुणा नेहमीसारखं म्हणाली. "धडधाकट असेल. येईल."

त्या मान हलवून बाकावर जाऊन बसल्या. रोज ह्या एका वाक्यावर त्या घरी जात.

टेबलाखाली वायर ओढत बसलेला अविनाश धूळ झटकत उठला. दवाखान्यानं कॉम्प्युटर जोडायला बोलावलेला माणूस. आठवडाभर तो जुन्या आणि नव्या इमारतींमध्ये येरझाऱ्या घालत होता.

"झालं, अरुणाताई. आता नव्या इमारतीतले पेशंटही तुम्हाला दिसतील."

"आता म्हणजे? आधी दिसत नव्हते?"

"कसे दिसणार? तिकडची मशीन वेगळ्या कंपनीची, नेटवर्क वेगळं. सगळ्या नोंदी त्यांच्याच सर्व्हरवर. तुमच्या मशीनला त्याची भाषाच कळत नव्हती. तुम्ही विचारायचात ते फक्त ह्या इमारतीपुरतं."

"पण मी तर अख्खा दवाखाना शोधत होते," अरुणा हळूच म्हणाली.

"पडदा कुठं सांगतो, त्याला स्वतःला काय माहीत नाही ते?" अविनाश सहज बोलून गेला आणि पक्कड पिशवीत टाकू लागला.

अरुणानं कीबोर्ड जवळ ओढला. हे नाव आता तिची बोटं न बघता टाइप करत. तिनं बटण दाबलं. पडदा क्षणभर रिकामा राहिला. मग एक ओळ उमटली.

चेतन धुडकू सैंदाणे. वय एकोणीस. कामावर उंचावरून पडून जखमी. नवी इमारत, दुसरा मजला. दाखल, तीन तारीख. मृत्यू, सोळा तारीख.

भिंतीवरच्या कॅलेंडरात आज एकोणीस तारीख होती.

सरलाबाई बाकावरून उठून खिडकीशी आल्या होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बाईंकडून चटकन 'नाही' आलं नव्हतं. मुलगा सापडला असं वाटून त्यांचा चेहरा उजळला.

"शे का, बाई? शे ना मना पोऱ्या?"

अरुणाची नजर शेवटच्या रकान्यावर खिळली होती. वॉर्डातल्या कोणीतरी तिथं इंग्रजीत नोंद केली होती: शुद्धीवर होता, पण बोलू शकत नव्हता. तेरा दिवसांत भेटायला कोणीही आलं नाही.