अर्धी गोळी

"माणसांची एखादी गोळी दिली होती का याला? दुखण्याची?" डॉक्टर मनस्विनींनी विचारलं.

कुसुमताईंनी हातातली पिशवी पोटाशी धरली. समोर टेबलावर हवालदार आडवा पडला होता. तांबडा कुत्रा, बारा वर्षांचा. पिल्लू असताना मुरुडच्या बाजारातून भाजीच्या पिशवीत बसून लातूरच्या घरी आलेला. चार दिवस त्यानं भाकरीला तोंड लावलं नव्हतं. दोन्ही किडन्या निकामी झाल्याचा रिपोर्ट आला होता.

"मी दिली," उद्धवराव म्हणाले. "मागच्या पायानं लई लंगडत होता. आमच्या गुडघ्याचीच गोळी. रोज अर्धी, महिनाभर."

कुसुमताईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. गोळी तर त्या देत होत्या. उद्धवराव अंघोळीला गेले की, गुळाच्या खड्यात दाबून. म्हणजे यांना कळलं होतं. कळूनही यांनी दोष आपल्या अंगावर घेतला. त्या बोलायला गेल्या, तोवर डॉक्टर बोलू लागल्या होत्या.

"कुत्र्यांना ती सोसत नाही, काका. अर्धीसुद्धा नाही." डॉक्टरांचा आवाज मऊ होता. "पण हे अर्धीचं दिसत नाही. जास्त गेली असेल. आता सलाईन लावून नुसते हाल होतील त्याचे. इंजेक्शन देऊ या. झोपेतच जाईल."

उद्धवरावांनी संमतीच्या कागदावर सही केली.

"जरा थांबा, बाई," कुसुमताई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी लहान तांब्या काढला. आत तुळशीचं पान होतं. सकाळीच त्यांनी तो भरून घेतला होता, कुणाला न सांगता. सासूच्या तोंडात त्यांनीच शेवटचं पाणी घातलं होतं, सासऱ्यांच्याही. आता एक चमचा हवालदाराच्या जिभेवर सोडला.

"जा बाबा," उद्धवराव त्याच्या कानाशी म्हणाले. "ड्युटी संपली तुझी."

बाहेर लिंबाखालच्या बाकावर दोघं गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हतच बसले. गेला महिनाभर दोघांचं उठणं-बसणं असंच चाललं होतं. "ह्या गोळीत दम न्हाई राहिला," असं रोज एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं मान हलवायची. तरतरीत झाला होता तो एकटा हवालदार. पहिले पंधरा दिवस तर फाटकापर्यंत धावायचा.

"अहो, खोटं कशाला बोललात आत?" कुसुमताईंना हुंदका आवरेना. "गोळी मी देत होते. माझ्यातली अर्धी. म्हटलं, मी सोसते, मुक्या जिवाला कसं सोसावं."

उद्धवराव त्यांच्याकडे वळले. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत अर्धी पांढरी गोळी होती. आज द्यायची राहिलेली.

"खोटं न्हाई बोललो, कुसुम. मी दुधातून द्यायचो. माझ्यातली," ते म्हणाले. "अन् महिनाभर विचार करत राहिलो, की तुझं गुडघ्याचं दुखणं उतरंना कसं."