समासातली पैज

चहाचा गोल डाग. जुनं बसचं तिकीट. समासात पेन्सिलीने लिहिलेलं: ‘फितूर मेजरच. पैज!’

फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना तिला अतिरेक्यांवरची ही कादंबरी सापडली. अक्षर नवऱ्याचं होतं. आधी ती वाचायची, मग तो. निम्म्यावर येऊन तो फितूर ओळखायचा. चुकला तर चहा त्याने करायचा, नाहीतर तिने. बाजारातल्या बॉम्बस्फोटात तो गेला आणि पुस्तकं घरच्यांनी रद्दीत दिली.

“मावशी, शेवटची पानं गळालीत बरं का,” विक्रेता म्हणाला. “मलासुद्धा अजून कळलं नाही, फितूर कोण ते!”

“मेजरच,” ती कशीबशी म्हणाली. “बरोबर ओळखलं होतं ह्यांनी.”

स्फोटाच्या सकाळी नवऱ्याने विचारलं होतं, “जिंकलो ना?” आणि ती हसून म्हणाली होती, “संध्याकाळी सांगते.”