चौथा प्रश्न

माजी बांधकाममंत्र्यांनी अर्जातल्या चौथ्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलं. मंत्री असताना या सिमेंट कंपनीच्या माणसांना कधी घरी भेटलात का, असा तो प्रश्न होता. ‘होय’ म्हटलं, तर नियमाप्रमाणे दोन वर्षं तिथली नोकरी करता येणार नव्हती. आणि पद गेल्यापासून त्यांना दिवस खायला उठत होता.

शेजारी मटार सोलणाऱ्या पत्नीने अर्जात डोकावलं. “अहो, नाही कसं? नातीच्या बारशाला आले होते की ते! तिला तुमच्या मांडीवर ठेवून फोटो काढायचा होता. तुम्ही त्यांच्याबरोबर अंगणात गेलात, ते फोटोवाला कंटाळून गेला तरी आत आला नाहीत.”

“सहा वर्षं झाली त्याला. कोणाच्या लक्षात आहे?”

“माझ्या.”

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच त्यांना जास्त लागलं. त्यांनी ‘नाही’ खोडलं, ‘होय’ लिहिलं आणि बाजूला सही केली.

“घे, गेली नोकरी,” ते म्हणाले. “आता दोन वर्षं घरात माझी लुडबूड सोस.”

सोलायचं थांबवून तिने त्यांच्याकडे पाहिलं.

“दोनच?”