माधवनगरात थांबलेला सूर्य

गेल्या चातुर्मासात आमच्या माधवनगरात सूर्य अर्धा तास उशिरा मावळला. हसू नका, साक्षीदार आहेत. साताऱ्याची शरीरसौष्ठव स्पर्धा जिंकायला निघालेल्या सम्मेदनं दंड फुगावेत म्हणून आपल्या चंदनबाला आजीचं इन्सुलिन चोरून टोचून घेतलं. ते घेतलं की लगेच जेवावं लागतं. पण हा पठ्ठ्या आरशासमोर दंड बघत राहिला आणि दिवस बुडाला. मावळतीनंतर अन्नपाणी बंद, हा नेम त्यानं आजीसमोरच घेतलेला.

थोड्या वेळात तो घामाघूम होऊन थरथरू लागला. शुगर उतरल्याची ही लक्षणं आजीला स्वतःच्या अंगावरनं पाठ होती.

“माझी सुई टोचलीस व्हय रं?”

त्यानं होकारार्थी मान हलवली. आजीनं साखरेचं पाणी ओठांना लावलं, तर यानं दात आवळले.

“आजी, दिवस मावळला. नेम मोडंल.”

जन्मात कधी नेम न मोडलेल्या आजीनं खिडकीबाहेरच्या अंधाराकडं बघितलं.

“कोण म्हणतंय? लख्ख ऊन हाय अजून. पी मुकाट्यानं.”

तो प्यायला, दवाखान्यापर्यंत शुद्धीत पोचला आणि वाचला. घरी परतल्यावर आजी खोटं बोलल्याचं प्रायश्चित्त म्हणून उपास धरायला निघाली, तर सम्मेद आडवा आला.

“तुला उपास झेपत न्हाई, आजी. तुझ्या खोट्याचा उपास मी धरतो.”

“धर की. पण चोरीचा धर,” आजी म्हणाली. “सूर्य त्या दिवशी खरंच थांबला हुता.”