खोक्याखालचं रबर

“माझ्या खोक्याखाली काही घालायचं नाय,” गोटीराम वूफरच्या पुढ्यात उभा राहून म्हणाला.

त्याच्या मुलाच्या, महेशच्या हातात चार रबरी पाय होते, वॉशिंग मशीनखाली घालतात तसले. कडाप्प्याची एक लादी दाराशी टेकवून ठेवली होती.

“अण्णा, सोसायटीची दुसरी नोटीस आहे. आता वूफर उचलून नेतो म्हणतायत.”

“नेऊ दे की. मी वर बसतो त्याच्या. मलाबी उचला म्हणावं.”

सून शुभांगी हसू दाबत आत गेली.

गंगापूर रोडवरची ही इमारत उभी राहिली त्या जागी आधी गोटीरामचा गुलाबाचा मळा होता. बांधापलीकडे गेणूचा झेंडू. दोघांनी जमीन एकाच दिवशी बिल्डरला दिली आणि फ्लॅटही एकाखाली एक घेतले. गोटीराम तिसऱ्या मजल्यावर, गेणू बरोबर त्याच्या खाली. चाळीस वर्षं दोघांची ढोलाची जोडी होती. त्यांच्याशिवाय आसपासची एक हळद कधी वाजली नाही.

मग सहा वर्षांपूर्वी गणपतीच्या मिरवणुकीत ठेका तुटला. गेणूनं टिपरू खाली केलं आणि सगळ्या पथकासमोर म्हणाला, “गोट्या, हात मेला तुझा. ढोल ऐकूच येत नाय.”

गोटीरामनं तिथंच रस्त्यात ढोल गळ्यातून उतरवला. गेणू शब्द मागं घेत नाही तोवर परत चढवायचा नाही, असं ठरवलं. गेणूनं शब्द मागं घेतला नाही. त्यानंही पुढं कधी ढोल हातात धरला नाही, पण ते गोटीरामला दिसलं नाही.

महेशच्या हळदीत गोटीरामनं वाजवलेल्या ढोलाचं रेकॉर्डिंग घरात होतं. त्यानं बाजारातला सगळ्यात मोठा वूफर आणला. हॉलच्या कोपऱ्यात, खालपर्यंत जाणाऱ्या खांबाला चिकटवून, उघड्या फरशीवर ठेवला. रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच ढोल.

“आता म्हण म्हणावं, ऐकू येत नाय!”

गेणू काही म्हणत नव्हता. हेच गोटीरामला जास्त झोंबायचं. लिफ्टमध्ये दोघं सापडले की तो मुद्दाम मोठ्यानं विचारायचा, “काय गेणबा, झोप लागती का?” गेणू पाठमोरा, दाराकडे बघत उभा. मानसुद्धा वळवायचा नाही.

“माज बघ किती,” गोटीराम घरी येऊन सांगायचा.

तक्रार केली ती गेणूच्या मुलानं, जीवननं. मीटिंगमध्ये तो हात जोडून उभा राहिला. “काका, शोकेसमधले कप थडथडतात. बायकोनं खाली कापड घातलं, तरी तेच. खिडक्या लावून घेतो आम्ही, आवाजाचं काही नाही. पण घर हलतं. आणि पाच वाजले की बाबा उठून खांबाला पाठ लावून बसतात. डोळे मिटून. अर्धा तास हलत नाहीत.”

गोटीरामला आतून गार वाटलं. लागतंय तर बेट्याला.

“त्याला बोलू दे की त्याच्या तोंडानं. त्याच्या तोंडाला काय झालंय?”

गेणू शेवटच्या खुर्चीवर हातातल्या काठीकडे बघत बसला होता.

“बाबांच्या वतीनं मीच बोलतो,” जीवन घाईनं म्हणाला.

शेवटी महेशनं वेगळी वाट धरली. “अण्णा, आवाज एका काट्यानंही कमी करत नाही. रबर घातलं की फक्त फरशी हलायची थांबेल. ढोल तुमचा तेवढाच वाजेल.”

“तेवढाच?”

“तेवढाच.”

गोटीराम वूफरपुढून बाजूला झाला. “घाल. पण आवाज कमी वाटला तर लादी खिडकीतून खाली टाकीन.”

महेशनं खोका खांबापासून हातभर लांब ओढला. खाली चार रबरी पाय, त्यावर जाड स्पंज, त्यावर कडाप्पा, आणि मग वूफर. फरशीवर पाण्यानं भरलेली वाटी ठेवून ढोल लावला. इतके दिवस त्या वाटीत पाणी नाचायचं. आता पाणी आरशासारखं स्थिर होतं, आणि हॉलमध्ये तर कानठळ्या बसत होत्या.

गोटीरामची खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी जीवन जिन्यात भेटला. “उपकार झाले काका. कप एकदम गप्प. बाबाच जरा बेचैन आहेत. पाचला खांबापाशी बसतात नि लगेच उठतात.”

म्हणजे त्याला आता बसवतही नाही, गोटीराम मनात म्हणाला. त्या संध्याकाळी त्यानं गॅलरीची दारं सताड उघडली आणि वूफरचं तोंड गॅलरीकडे फिरवलं. शब्द मागं घेतल्याशिवाय सुटका नाही.

तिसऱ्या दिवशी ढोल ऐन रंगात आला असताना दारावर काठी आपटली.

शुभांगीनं दार उघडलं. गेणू. अनवाणी, धापा टाकत. सहा वर्षांत त्यानं हा उंबरा ओलांडला नव्हता.

“आलास का भांडायला?” गोटीराम ढोलाच्या वरताण ओरडला. “ये! मी बंद करणार नाय. तुला काय करायचं ते कर!” आणि त्यानं बटण शेवटपर्यंत फिरवलं. गॅलरीच्या काचा झणझणल्या. शुभांगीनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

गेणू सरळ आत आला. खोक्यापासून दोन हात अंतरावर काठी टेकून थांबला. मग कण्हत खाली वाकला आणि तळहात फरशीवर पसरून ठेवला. बराच वेळ ठेवला. नाही अशी मान हलवली.

वर बघितलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“तीन दिवस झाले, गोट्या,” तो म्हणाला. “ढोल का बंद केलास?”