पूर्ण आराम

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि डॉक्टरांनी तिला व्यायामाच्या वर्गाला जायला सांगितलं. त्याने थकवा कमी होतो, हात आखडत नाही.

यावर घरात बैठक बसली. थोरले दीर आले, नणंद आली. तिने वरच्या मजल्यावरून सगळ्यांसाठी खुर्च्या आणल्या आणि दुखऱ्या हाताने चहाचा ट्रे फिरवला.

"व्यायाम? या अवस्थेत?" दिरांनी आणखी चहासाठी कप पुढे केला. "अंगात त्राण तरी आहे का तिच्या?"

"तिला काडीही उचलू द्यायची नाही," सासूबाईंनी निकाल दिला.

नवऱ्याने लगेच वर्गाला फोन करून 'नको' कळवलं आणि तिला म्हणाला, "ऐकलंस ना? पूर्ण आराम!"

"बरं," म्हणत तिने ट्रे तिथेच ठेवला आणि आत जाऊन आडवी झाली.

दुसऱ्या दिवशीही ती उठली नाही. दूध उतू गेलं, कपडे मशीनमध्येच कुबट झाले, सासूबाईंचा चष्मा कुणालाच सापडेना. कुणी खोलीत डोकावलं की ती गोड हसून म्हणायची, "तुमचा शब्द कसा मोडू?"

आठवडा संपायच्या आत नवरा स्वतः तिला वर्गाला घेऊन आला.

"अहो, तुम्हीच नको म्हणाला होतात ना?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.




"आरामाने माणसाचे फार हाल होतात हो," कंबर धरून खाली बसत तो म्हणाला.